ऑडिशनमध्ये सूचना बदलली की वाक्येच आठवेनाशी होतात. तयारी कशी करावी?

बोरीकाठची, अमळनेर

सर्व जाणकारांना नमस्कार. मी अमळनेरची असून येथील एका पतसंस्थेत नोकरी करते. महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात एकांकिका आणि मूकनाट्य केले, पुढे जळगावच्या एका हौशी संस्थेकडून राज्य नाट्य स्पर्धेत भूमिका केल्या. प्रवेशापूर्वी विंगेत उभी असताना माझ्याही पोटात गोळा येतो. परंतु पहिली दोन वाक्ये बोलून झाली आणि समोरच्या अंधारातून एखादे हसू ऐकू आले, की तो आपोआप विरून जातो. त्यामुळे या भीतीचा मी कधी फारसा विचार केला नव्हता.

कॅमेऱ्यासमोर मात्र वेगळेच घडते. मागे सेल्फ टेप (घरीच फोनवर चित्रित करून पाठवलेला सीन) पाहून मला एका मालिकेच्या ऑडिशनसाठी मुंबईला बोलावण्यात आले होते. पहिला टेक पाठ केल्याप्रमाणे व्यवस्थित झाला. त्यानंतर तेथील सहायकाने अगदी सौम्य शब्दांत सांगितले, की हाच प्रसंग रागाने न करता हसत करून दाखवा. आणि त्या क्षणी भावच काय, वाक्येसुद्धा डोक्यातून पुसली गेली. हातातला कागद थरथरताना मलाच दिसत होता, आणि तो दिसत असल्यामुळे अधिकच थरथरत होता.

आता पुन्हा एक बोलावणे आले आहे. भूमिका घरातल्या थोरल्या सुनेची आहे, सीन दोन पानांचा आहे आणि तो हाती पडल्यापासून ऑडिशनपर्यंत मोजकेच दिवस मिळणार आहेत. पाठांतर किती पक्के करावे, आयत्या वेळी सूचना बदलली तर अडखळू नये यासाठी तालीम कशी करावी, आणि हाताची थरथर कशी थांबवावी, हे मला विचारायचे आहे. माझी एक मैत्रीण सांगते, की अशा वेळी घेण्याची एक गोळी मिळते. ती घ्यावी का? शिवाय आमच्या घरी अहिराणी बोलतात. मी एरवी प्रमाण मराठी नीट बोलते, पण घाबरले की ‘ळ’चा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. त्याचे काय करावे?

विंगेतून, जळगाव

ताई, प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे नाटके बसवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की तुमच्यासारख्यांची अडचण भीतीची कमी आणि पाठांतराच्या पद्धतीची अधिक असते. स्पर्धेच्या नाटकाची तालीम महिना-दीड महिना चालते. त्या काळात दिग्दर्शक प्रत्येक वाक्याची चाल, म्हणजे ते म्हणण्याची ठरावीक लय, बसवतो, नट ती घोटतो, आणि प्रयोगात समोरचा नटही ठरलेल्या चालीनेच बोलणार असल्यामुळे सगळे सुरळीत पार पडते. ऑडिशनसाठी याच सवयीने वाक्य चालीसकट पाठ केले, तर चाल बदलायला सांगितल्याबरोबर वाक्यही हातचे जाते, कारण स्मरणात दोन्ही एकमेकांना चिकटून बसलेली असतात. मुलाला पाढा मधूनच विचारला की त्याला तो पहिल्यापासून म्हणावा लागतो, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून पाठांतर सपाट करावे. सीन हाती आल्यावर पहिल्या दिवशी अभिनय अजिबात करू नये. भाव, चढउतार, विराम यांपैकी काहीही न घालता, बातमीपत्र वाचावे त्याहूनही कोरडेपणाने, वाक्ये तोंडात बसवावीत. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, दिवसभराचा हिशोब जुळवताना ती म्हणावीत. हात दुसऱ्या कामात असताना वाक्य अडखळत नसेल, तरच ते पाठ झाले असे समजावे. त्यानंतर घरातल्या कोणालाही कागद देऊन मधूनच कोठूनही क्यू, म्हणजे आपल्या वाक्याआधीचे समोरच्याचे वाक्य, द्यायला सांगावे. धाकट्या भावाने चुकीचा क्यू दिला तरी उत्तम. ऑडिशनमध्ये ऐनवेळी वाक्ये गाळली जातात, त्याची तयारी होते.

पाठांतर झाल्यावर भावाकडे वळतानाही ‘येथे राग, येथे रडू’ अशा खुणा कागदावर करू नयेत. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (1863–1938) यांनी नटाला जे प्रश्न विचारायला शिकवले, ते शंभर वर्षांनंतरही कामाचे आहेत: मी कोण आहे, कोठे आहे, नुकतेच काय घडले आहे, आणि मला समोरच्याकडून काय हवे आहे? यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एक काल्पनिक उदाहरण घेतो. थोरली सून सासूला विचारते, ‘आई, माझं पासबुक कुठे ठेवलंत?’ वाक्य साधे आहे. सुनेला बँकेत जायची घाई असेल आणि तिला खरोखरच पासबुक हवे असेल, तर ती हे बोलताना कपाटाकडे पाहत असेल आणि तिचे अर्धे लक्ष घड्याळाकडे असेल. पासबुक दिराच्या खिशात आहे हे तिला आधीच कळले असेल आणि सासूच्या तोंडून ते वदवून घ्यायचे असेल, तर ती कपाटाकडे ढुंकूनही पाहणार नाही. सासूच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलणार नाही. आणि पासबुक तिनेच माहेरी नेऊन ठेवले असेल व तिला फक्त सोंग घ्यायचे असेल, तर ती हेच वाक्य जरा मोठ्याने, ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणेल. तिन्ही वेळा मी ‘राग’ किंवा ‘हसू’ हा शब्द वापरलेला नाही, तरी तिन्ही वेळा वाक्य वेगळे झाले.

आता तुम्हाला मिळालेली सूचना पाहा: ‘रागाने नको, हसत करा.’ ही सूचना जशीच्या तशी उचलली, तर चेहऱ्यावर खोटे हसू चिकटवावे लागते. तीच मनात उलटवून ‘हिला समोरच्याला दुखवायचे नाही, पण गोष्ट तर काढून घ्यायची आहे’ अशी केली, तर हसू कष्टाशिवाय येते. सूचना भावाची मिळाली की तिचे हेतूत रूपांतर करायचे, हा सराव घरी करा. आपल्या सीनसाठी किमान तीन वेगवेगळे हेतू लिहून काढा आणि तिन्ही उभे राहून, मोठ्याने करून पाहा. यातला कोणता हेतू मुंबईत चालेल याचा विचार करू नका. तीन वाटांनी जाऊन आलेला माणूस चौथ्या वाटेला बिचकत नाही.

आवाजाबद्दलही सांगतो. आपल्याकडच्या नटांना जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय असते, आणि कॅमेऱ्यासमोर ‘लहान करा, लहान करा’ असे सांगितले की ते अभिनयातला जीवच काढून टाकतात. कमी करायचे असते ते फक्त अंतर. समोरचा माणूस हातभर अंतरावर बसला आहे असे धरून बोला. तळमळ मात्र पूर्वीइतकीच ठेवा.

पांझराकाठ, धुळे

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो. विंगेतून यांनी वाक्यांबद्दल लिहिले आहे, मी शरीराबद्दल लिहितो.

धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते, हृदयाची गती वाढते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, तळहात ओले आणि गार होतात, लाळ कमी झाल्यामुळे घशाला कोरड पडते आणि बोटांना सूक्ष्म कंप सुटतो. ही यंत्रणा समोर वाघ आहे की कॅमेरा, याचा भेद करत नाही. विंगेत तुम्हाला जे होते तेच येथेही होते. फरक इतकाच, की रंगमंचावर प्रेक्षकांचा प्रतिसाद मिळताच तुमचे लक्ष स्वतःवरून उडते, आणि ऑडिशनच्या शांत खोलीत ते स्वतःच्याच हाताकडे जाते. कंप दिसला, म्हणून काळजी वाढली, म्हणून कंप वाढला, हे चक्र तुम्ही स्वतःच अचूक वर्णन केले आहे.

हे चक्र तोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग श्वासातून जातो, परंतु लोक तो उलटा वापरतात. घाबरल्यावर घाईघाईने मोठमोठे श्वास घेतले, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात; त्यामुळे माणूस अधिकच घाबरतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावणे हे महत्त्वाचे आहे. नाकाने सावकाश चार अंक मोजत आत घ्यावा आणि सहा ते आठ अंक मोजत बाहेर सोडावा. उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या द्वारे हृदयाची गती खाली येते. हे काही मिनिटे करावे लागते, आणि त्याचा सराव आधीपासून रोज केलेला असेल तरच ते ऐनवेळी कामी येते.

दुसरी गोष्ट अनेकांना विचित्र वाटेल. ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. हार्वर्डमधील संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाणे, भाषण आणि गणित यांपूर्वी काही जणांना आपल्या धडधडीकडे उत्साह म्हणून पाहायला लावले होते. स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा त्यांची कामगिरी चांगली ठरली. कारण समजण्यासारखे आहे. भीती आणि उत्सुकता या दोन्हींत हृदय वेगानेच चालते, त्यामुळे वेग शून्यावर आणण्यापेक्षा त्याचा अर्थ बदलणे मनाला सोपे जाते. ‘मला हे करायला आवडते, म्हणून छाती धडधडते आहे’ असे तुम्ही स्वतःला सांगितले, तर ते खोटेही नाही.

गोळीबद्दल. तुमच्या मैत्रिणीला बहुधा प्रोप्रॅनोलॉल म्हणायचे असावे. ते मुळात हृदयविकार आणि रक्तदाब यांसाठीचे औषध असून हृदयाची गती व हाताचा कंप कमी करते, त्यामुळे जगभरातले काही वादक आणि वक्ते ते घेतात हे खरे आहे. परंतु दमा असलेल्या व्यक्तीला त्याने श्वास घेणे कठीण होऊ शकते, मुळात रक्तदाब कमी असणाऱ्याला चक्कर येऊ शकते, आणि मधुमेहावर उपचार चालू असतील तर साखर एकदम उतरल्याची लक्षणे त्यामुळे झाकली जाऊ शकतात. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय ते घेऊ नये, आणि आयुष्यात पहिल्यांदा ऑडिशनच्या दिवशी तर मुळीच घेऊ नये. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून गोळी मागून आणण्याची जी सवय आहे, तिच्याबद्दल मी येथे अधिक लिहीत नाही.

रात्रीची झोप मोडून पाठांतर करू नका. पाठ केलेले मेंदूत पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. चहा नेहमीइतकाच घ्या. झोपेपर्यंत बोलावणी सतत मनात घोळत असतील, जेवण जात नसेल, किंवा अशा प्रसंगांना टाळण्यासाठी तुम्ही संधीच नाकारू लागला असाल, तर मात्र एकदा प्रत्यक्ष भेटून सल्ला घ्यावा. तुमच्या लिहिण्यावरून तशी स्थिती दिसत नाही.

केळीपट्टा, सावदा

पुढे सेल्फ टेप करणाऱ्यांसाठी थोडेसे. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलर चालू ठेवला तर संवाद ऐकू येत नाहीत. मी पहाटे, रस्त्यावर ट्रक वाढण्याआधी, पंखा बंद करून टेप करतो. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. उजेड समोरच्या खिडकीचा, पाठीमागे कोरी भिंत. भिंतीवरचे कॅलेंडर काढायला विसरू नये.

क्यू देणारा, मूळचा शहाद्याचा, सध्या मुंबई

ताई, मी कास्टिंगच्या कामात आहे आणि माझा दिवस बहुतांशी कॅमेऱ्याशेजारी बसून समोरच्या पात्राची वाक्ये वाचण्यात जातो. त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या बाजूने काय दिसते ते सांगू शकतो.

अंधेरी आणि वर्सोव्याकडच्या, विशेषतः आराम नगरमधल्या ऑडिशनच्या जागा पाहून नवीन माणसाचा हिरमोड होतो. मोठा स्टुडिओ असेल अशी कल्पना असते. प्रत्यक्षात जुन्या बंगलीतली एक खोली, निळा किंवा करडा पडदा, दोन दिवे, एक कॅमेरा आणि जमिनीवर चिकटपट्टीची खूण. बाहेर बाकावर, पायरीवर, दुचाकीला टेकून तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारखाच सलवार-कुर्ता घातलेल्या मुली तेच वाक्य पुटपुटत असतात. माझ्या मते खरी पडझड खोलीत नव्हे, या बाहेरच्या बाकावर होते. दुसरीने तोच संवाद वेगळ्या तऱ्हेने म्हटलेला कानावर पडतो आणि आपली तयारी डळमळते. नाव नोंदवून झाले की थोडे लांब जाऊन उभे राहा. नाव पुकारतात तेव्हा ऐकू येईल इतकेच लांब.

आत गेल्यावर आधी इंट्रो घेतात: नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, केलेले काम. मग डावी-उजवी बाजू दाखवायला सांगतात आणि पुष्कळदा हातही दाखवायला लावतात. आश्चर्य वाटेल, पण सीनची उत्तम तयारी केलेले लोक या साध्या इंट्रोतच गडबडतात, कारण तिची तालीम कोणी करत नाही. कॅमेऱ्याकडे पाहून, घरी आलेल्या पाहुण्याला सांगावे तसे आपल्याबद्दल बोलण्याचा सराव करा. पतसंस्थेत नोकरी करता हे लपवू नका. एक प्रयोग गाजवला होता, परीक्षकांनी पाठ थोपटली होती, अशी लांबण मात्र लावू नका.

सीनमध्ये समोरच्या पात्राची वाक्ये मी वाचतो, आणि मी ती कोरडेपणाने वाचतो. सकाळपासून तोच सीन किती वेळा वाचला याचा हिशोब राहिलेला नसतो. मी तुमच्याकडे सासूच्या नजरेने पाहणार नाही, कदाचित कागदाकडेच पाहीन. तुम्हाला रंगमंचावर समोरच्या नटाकडून जी ऊब मिळते, ती येथे मिळणार नाही हे आधीच गृहीत धरा. माझा कंटाळलेला चेहरा हा तुमच्या अभिनयावरचा शेरा नसतो. तो बहुधा जेवणाची वेळ टळल्याचा असतो.

आता सूचनेविषयी. पहिला टेक झाल्यावर वेगळे करायला सांगितले, की अनेकांना वाटते आपले चुकले. वस्तुस्थिती बहुतेकदा उलटी असते. जो उमेदवार कामाचाच वाटत नाही, त्याला आम्ही ‘छान, कळवतो’ म्हणून सोडतो, त्याच्यावर दुसरा टेक खर्च करत नाही. सूचना देतो ती ऐकून घेता येते का, हे पाहण्यासाठी. कारण सेटवर दिग्दर्शक दर तासाला काहीतरी बदलणार असतो आणि रोजच्या मालिकेत संवाद पुष्कळदा त्याच दिवशी हातात पडतात. म्हणजे तुमचा पहिला टेक चांगला झाला होता. सूचना मिळाल्यावर लगेच सुरू करू नका. ‘एक मिनिट घेऊ का?’ असे विचारा, भिंतीकडे तोंड करून श्वास सोडा, विंगेतून सरांनी सांगितले तसा हेतू बदला आणि मग खुणेवर या. असे विचारण्याने कोणी रागावल्याचे मी पाहिलेले नाही.

विंगेतून सरांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. ते पाठांतर इतके पक्के करायला सांगतात, की हिशोब करतानाही वाक्य सुटू नये. कागद आदल्या रात्री मिळतो तेव्हा हे शक्य नसते, आणि त्या हट्टापायी मुले वाक्य आठवण्यातच गुंततात. त्यांचे डोळे वर, छताकडे जातात आणि कॅमेऱ्यात ते लगेच दिसते. कागद हातात ठेवायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. कोठे पाहायचे हे शिकून घ्या: कागद छातीच्या उंचीवर धरा, समोरचे पात्र बोलत असताना पुढचे वाक्य टिपून घ्या, आणि आपले वाक्य मात्र नजर वर ठेवूनच बोला. कागद थरथरत असेल तर तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून न्या. उपाय गावठी आहे, पण कंप दिसतच नाही, आणि न दिसल्यामुळे कमीही होतो.

विंगेतून, जळगाव

पुठ्ठ्याची कल्पना मला आवडली. मतभेद मात्र कायम ठेवतो. आदल्या रात्री कागद मिळाला तर तुमचे म्हणणे मान्य, पण या ताईंना काही दिवस मिळणार आहेत. दिवस हातात असताना कागद धरणे म्हणजे नटाने आपल्या आळसाला परवानगी मागणे होय. कागद खिशात असावा, हातात नसावा.

रात्रीची गाडी, भुसावळ

अभिनयाबद्दल येथे पुरेसे लिहिले गेले आहे, प्रवासाबद्दल कोणीच लिहिलेले नाही. आपल्या भागातली मुले रात्रीच्या गाडीने निघतात, पहाटे दादर किंवा कल्याणला उतरतात, स्थानकावरच तोंड धुतात आणि डोळ्यांत झोप घेऊन थेट ऑडिशनला उभी राहतात. मग आवाज बसलेला असतो आणि दोष नशिबाला दिला जातो. शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा. अमळनेरहून सुरतमार्गे जाणाऱ्या गाडीने बोरिवलीला उतरलात, तर अंधेरी तेथून लोकलने जवळ पडते. दादरहून उलटे यावे लागत नाही. एकरंगी कपड्यांचा एक जोड जास्तीचा न्या. बारीक रेघांचे कापड कॅमेऱ्यात लहरत असल्यासारखे दिसते.

आणि कोणत्याही कारणासाठी पैसे मागितले तर परत फिरा. नोंदणी शुल्क, ‘कलाकाराचे कार्ड काढून देतो’, ‘फोटो आमच्याच ओळखीच्या फोटोग्राफरकडून काढावे लागतील’, ही सगळी एकाच झाडाची फळे आहेत. भूमिका देणारा पैसे घेत नाही, देतो. ऑडिशन म्हणून हॉटेलच्या खोलीवर किंवा रात्री उशिरा बोलावले तर जाऊ नका, आणि पत्ता आधीच घरी कळवून ठेवा.

बोरीकाठची, अमळनेर

सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. काल रात्री वहिनीला सासूची वाक्ये वाचायला बसवून तीन हेतूंचा प्रयोग करून पाहिला. तिसऱ्या वेळी वहिनीने मधलेच एक वाक्य गाळले, तरी माझे पुढचे वाक्य सुटले नाही. वहिनीला मात्र हसू आवरेना.

दोन गोष्टी राहिल्या. ‘ळ’ आणि ‘ण’चे काय करू? आणि इंट्रोत ‘डेट्स आहेत का’, म्हणजे चित्रीकरणासाठी दिवस मोकळे आहेत का, असे विचारले, तर नोकरीबद्दल काय सांगावे?

ओवी आणि वही, शिरपूर

उच्चारांबद्दल मी लिहिते. मी मराठी शिकवते आणि घरी अहिराणीच बोलते. आपल्याकडे ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होते, तो आपल्या बोलीचा नियम आहे, जिभेचा दोष नाही. हे मनात स्पष्ट असले पाहिजे, कारण लाजेने झाकलेला उच्चार हमखास ताणाच्या वेळी उघडा पडतो. प्रमाण मराठीचे पात्र करायचे असेल, तर दोन पानांच्या सीनमध्ये ‘ळ’ आणि ‘ण’ असलेले शब्द शोधून त्यांच्याखाली रेघ ओढा. ते फार नसतात. ‘ळ’ उच्चारताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते आणि पुढे झटकले जाते, ‘य’ला ते टाळूला लागतच नाही; ‘ण’लाही जीभ अशीच मागे वळते, ‘न’ला ती पुढे दातांपाशी टेकते. ‘सगळं’, ‘वेळ’, ‘कोण’ असे शब्द सुटे, सावकाश म्हणा, मग वाक्यात घाला. ऑडिशनच्या दिवशी सकाळी हे करू नका. त्या दिवशी जिभेवर पहारा ठेवला तर अभिनय मागे पडेल. एखादा ‘य’ निसटलाच तर थांबून दुरुस्त करत बसू नका, वाक्य पुढे न्या.

पात्र कोठले आहे हे मात्र आधी विचारून घ्या. सून ग्रामीण असेल, तर खोलीत जाऊन ‘हाच सीन मी अहिराणी वळणाने करून दाखवू का?’ असे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. आमच्या गावाकडे वहीगायन (गाऊन आख्यान सांगण्याचा लोकप्रकार) करणारे लोक समोरची माणसे पाहून आख्यानात पदरची वाक्ये घालतात, प्रेक्षकांतल्या कोणाला मधूनच बोलण्यात ओढतात, आणि धागा सुटू देत नाहीत. त्यांच्यापैकी कोणी अभिनयाच्या शाळेत गेलेले नाही. लहानपणापासून हे ऐकलेले असूनही आपण मुंबईत गेल्यावर आपली बोली घरी ठेवून जातो, याचे मला नेहमी नवल वाटते.

क्यू देणारा, मूळचा शहाद्याचा, सध्या मुंबई

शिरपूरच्या ताईंना दुजोरा. इंट्रोत भाषा सांगताना मराठी, हिंदी यांच्याबरोबर अहिराणी जरूर सांगा. त्या फितीवर नोंद राहते, आणि सहा महिन्यांनी कोणाला खान्देशातले पात्र हवे झाले, तर आम्ही त्या नोंदीच शोधतो.

डेट्सबद्दल सरळ खरे सांगा: ‘मी अमळनेरला नोकरी करते, निवड झाली तर इतक्या दिवसांत मुंबईला येऊ शकेन.’ हे ‘इतके दिवस’ किती, ते घरी आणि कार्यालयात आधी बोलून ठरवा. रोजच्या मालिकेची पाळी साधारण बारा तासांची असते आणि थोरल्या सुनेसारखे पात्र महिन्यातले बरेच दिवस सेटवर लागते, त्यामुळे रजा टाकून ये-जा करता येईल असे वाटत असेल तर ते जमणार नाही. ऑडिशन आवडली तरी पुढे पात्राच्या वेशभूषेत लूक टेस्ट होते, कधी समोरच्या नटाबरोबर मॉक शूट, म्हणजे चाचणीचे चित्रीकरण, होते, आणि मग वाहिनीकडून होकार यावा लागतो. या मधल्या काळात ‘जवळपास नक्की आहे’ असे तुम्हाला कोणीही सांगेल, मीसुद्धा सांगेन. करारावर सही झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका.